झाडास धोका नाही

रस्सीखेच महासंघाचं पत्र सेक्रेटरीनं कामाच्या टेबलावर बसून उघडलं, ही पहिली चूक. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा आणि त्या वेळी त्याच्या डाव्या हातात कुणा एका बाईंची वरची कवळी होती. पत्राचा दुसरा परिच्छेद वाचता वाचता त्याची मूठ आवळली गेली, आणि काहीएक अपराध नसताना त्या बाईंना आणखी चार दिवस पेजेवर काढावे लागले.

पत्रात वाईटसाईट काही नव्हतं. उलट भाषा इतकी गोड होती की वाचणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. ‘गेल्या तीन हंगामांत आपल्या संघाला एकही गुण मिळालेला नाही. या हंगामाच्या उरलेल्या लढतीतही तो न मिळाल्यास पुढील वर्षापासून आपला समावेश आनंद गटात करण्यात येईल. आनंद गटात गुण मोजले जात नाहीत. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक खेळाडूला हिरवी फीत दिली जाते.’

हरणं सेक्रेटरीला नवीन नव्हतं. परक्या देशात येऊन त्याला बावीस वर्षं झाली होती आणि आठ मराठी माणसं जमवून काढलेल्या त्याच्या क्लबाला चार. (क्रिकेटला मैदान मिळेना, बॅडमिंटनच्या हॉलसाठी दोन वर्षांनी नंबर लागणार होता, रस्सीला नुसतं गवत पुरतं, म्हणून रस्सी.) या चार वर्षांत तो अग्निशामक दलाकडून हरला होता, टपालखात्याकडून हरला होता आणि एकदा तर मुख्याध्यापकांच्या संघाकडून हरला होता, ज्यातल्या दोघांनी टायसुद्धा काढले नव्हते. पण हरणाऱ्या माणसाला निदान हरवणारा कुणीतरी असतो. त्याचं नाव घेऊन आठवडाभर चरफडता येतं. हिरवी फीत लावलेल्या माणसानं कुणाच्या नावानं बोटं मोडायची?

शनिवारी त्याच्या घरी बैठक भरली. आठही जण आले, कारण सेक्रेटरीच्या बायकोच्या हातचं खाणं होतं. पत्र वाचून झाल्यावर पहिली प्रतिक्रिया बालवाडीच्या बाईंची.

“अय्या, फीत! किती छान कल्पना!”

वीस वर्षं चार-चार वर्षांच्या पोरांमध्ये काढल्यामुळे बाईंना कौतुक करण्याची सवयच जडली होती. लिफ्ट वर आली तरी त्या तिला ‘शाब्बास’ म्हणत.

“म्हणजे यापुढे ओढावं लागणार नाही?” चष्मेवाल्यानं आशेनं विचारलं. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि समोरच्याच्या चष्म्याच्या काचा बोलता बोलता काढून पुसून द्यायची त्याला खोड होती.

“ओढायचं, पण मोजायचं नाही,” सेक्रेटरी कडवटपणे म्हणाला.

“मग उत्तमच की, दाजी!” हा मेव्हणा. तो एका वृद्धाश्रमाची मिनीबस चालवायचा. सुट्टीच्या दिवशी ती बस संघाला मिळावी म्हणून त्याला संघात घेतलं होतं, आणि बसमध्ये डबे असत म्हणून तो आला होता. “एवीतेवी आपण हरतोच. फीत मिळेल, वर जेवण. आणखी काय हवं?”

जुळ्या बहिणी एकमेकींकडे बघून हसल्या. दोघी एकाच औषधांच्या दुकानात दोन काउंटरवर बसत आणि त्यांचं मत नेहमी एकच असे, त्यामुळे दोन मतं वाया जात. उरला पैलवान. गोदामात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या या माणसाची छाती इतकी बेताची होती की त्याला पैलवान म्हणायचं पाप नक्की कोणी केलं हे आता कोणी कबूल करत नसे. तो म्हणाला, “मला फीत चालेल. मी आजवर काही जिंकलेलो नाही.”

सेक्रेटरी उठून उभा राहिला. “आपण हरतो याचं मला दुःख नाही. आपल्याला हरायची चटक लागलीय, याचं आहे. मागच्या लढतीत आपण अकरा सेकंदांत हरलो आणि पंधराव्या सेकंदाला डबे उघडले! माणसानं हरल्यावर निदान अन्नावरची वासना उडाल्याचं नाटक तरी करावं.”

कुणी काही बोललं नाही, कारण तोंडं भरलेली होती. मग त्यानं राजीनाम्याची धमकी दिली. तीही कुणी मनावर घेतली नाही. परंतु यापुढे महासंघाचे फॉर्म कुणी भरायचे, असा प्रश्न पैलवानानं सहज काढला आणि खोलीत एकदम गांभीर्य पसरलं. एकवीस पानी फॉर्म होता तो. शेवटी ठरलं की टपालखात्याबरोबरची उरलेली एक लढत मनापासून लढायची. दोन वेळा दोर ओढायचा असतो. त्यातली एक ओढ जिंकली तरी एक गुण. एक गुण, मग सेक्रेटरीनं तोंड बंद ठेवायचं.

ही सगळी चर्चा वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी ऐकली होती. भाषा कळत नव्हती तरी आवेश कळला होता. आजोबा मूळचे तिथलेच, बंदरावर जहाजं दोरानं बांधण्यात चाळीस वर्षं घालवलेले, आणि निवृत्त झाल्यापासून सल्ला द्यायला माणूस शोधत जिन्यात उभे असत. सेक्रेटरी कचरा टाकायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला गाठलं.

“सराव कशाशी करता?”

“चार-चार जण समोरासमोर.”

“तिथंच चुकतं. घरच्या माणसाशी कुणी जोरानं ओढत नाही. झाडाशी ओढा. झाड दमत नाही, दया दाखवत नाही आणि नंतर घरी येऊन बोलूनही दाखवत नाही.”

सेक्रेटरीला हे पटलं. पुढच्या रविवारी सकाळी सार्वजनिक बागेतल्या एका जाडजूड झाडाला गोणपाट गुंडाळून दोर बांधला गेला आणि आठही जण रांगेत उभे राहिले. सर्वांत मागे, दोर अंगाभोवती घेऊन, सेक्रेटरी. या जागेला ते ‘खुंटा’ म्हणत. खुंटा हा संघातला सर्वांत वजनदार माणूस लागतो, आणि सेक्रेटरी हे वाक्य नेहमी दुसऱ्या अर्थानं घ्यायचा.

त्यांनी जेमतेम चार वेळा ओढलं असेल. कुत्रं फिरवणारी एक बाई थांबली, बघत राहिली आणि तिनं फोन काढला. वीस मिनिटांत उद्यान खात्याचा माणूस हजर. आठ परदेशी माणसं बागेतलं झाड मुळासकट उपटून नेत आहेत, अशी तक्रार होती.

मंगळवारी सेक्रेटरीला उद्यान खात्याच्या कचेरीत बोलावणं आलं. समोरचा अधिकारी सौम्य होता. सौम्य अधिकारी फार वाईट. रागावणाऱ्या अधिकाऱ्याला आपणही रागावू शकतो.

“झाड ओढण्याचा उद्देश?” अधिकाऱ्यानं फॉर्म पुढे ओढून विचारलं.

“सराव.”

“झाड बाहेर यावं असा?”

“नाही हो! ते येऊ नये असाच.”

“ते तर न ओढताही येणार नाही.” अधिकाऱ्यानं हे फॉर्मवर लिहूनही घेतलं. मग म्हणाला, “परवानगी देता येते. पण खात्याचा नियम आहे, झाडावर दोनशे किलोंपेक्षा जास्त ताण नको. तुमचा संघ किती ओढतो?”

इथं सेक्रेटरीची छाती फुगली. “सहाशे तरी असेल,” तो म्हणाला.

“मग परवानगी नाही.”

सेक्रेटरी गडबडला. “म्हणजे... सहाशे हे आमचं ध्येय. सध्या जरा कमी आहे.”

“किती कमी? लेखी लागेल.”

आपला संघ कमकुवत आहे असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं? सेक्रेटरीनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. त्याचा चेहरा पाहून अधिकाऱ्यालाच दया आली आणि तो म्हणाला, “राहू दे. मीच येतो मोजायला.”

रविवारी तो खरंच आला. झाड आणि दोर यांच्यामध्ये त्यानं ताण मोजायचा काटा अडकवला. आठही जणांनी होता नव्हता तो जोर लावला. पैलवानाच्या मानेच्या शिरा तटतटल्या, मेव्हण्याच्या पँटीचा आवाज झाला, जुळ्यांनी एकाच वेळी किंकाळी फोडली. अधिकाऱ्यानं काटा वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला आणि खिशातून शिक्का काढला. परवानगीपत्रावर त्यानं लिहिलं : ‘आठ व्यक्तींची एकत्रित ओढ १६३ किलो. झाडास धोका नाही.’

तो गेला. कागद हातोहात फिरला.

“झाडास धोका नाही,” चष्मेवाल्यानं मोठ्यानं वाचलं. “म्हणजे आपण बागेत आलो काय, न आलो काय, झाडाला सारखंच.”

“मागच्या वर्षी वादळ आलं तेव्हा झाडांना धोका होता,” एक जुळी म्हणाली.

“वाळवीचासुद्धा असतो,” दुसरी म्हणाली.

बालवाडीच्या बाईंच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ‘छान’ हा शब्द आला नाही. त्या झाडाकडे एकटक बघत होत्या. एखाद्या पोरानं वर्गात दुसऱ्याला चावल्यावर त्या बघत असतील तशा. “धरा दोर,” त्या म्हणाल्या.

तीन वर्षांचे पराभव, सेक्रेटरीची भाषणं, महासंघाची पत्रं, यांतल्या कशानंही जे झालं नव्हतं ते एका शिक्क्यानं केलं. आठवड्यातून एकदा होणारा सराव तीनदा व्हायला लागला. चष्मेवाला दुकान लवकर बंद करून येऊ लागला. आजोबा घडीची खुर्ची घेऊन बागेत बसू लागले आणि सेक्रेटरीची टाच कशी घसरते यावर सविस्तर बोलू लागले.

पण काटा काही हलेना. मेव्हण्यानं हौसेनं तसाच एक काटा विकत आणला होता. तो एकशेसत्तरच्या पुढे जायचं नावच काढत नव्हता. असं का होतंय ते शेवटी सेक्रेटरीच्या बायकोनं सांगितलं. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती आणि संघात तिसऱ्या नंबरावर उभी राहून आजवर एक चकार शब्द बोलली नव्हती.

“अहो, तुम्ही सगळे हातानं ओढताय,” ती म्हणाली. “ओली चादर हातानं ओढत नाहीत. पंधरा चादरींत खांदे जातात. अंग मागं टाकायचं आणि पायानं ढकलायचं. आणि सगळ्यांनी एकदम. आम्ही दोघी बायका चादर ताणतो तेव्हा एकीचा श्वास चुकला तरी दुसरी तोंडावर पडते.”

“तू हे चार वर्षांत कधी बोलली नाहीस ती?” सेक्रेटरीनं विचारलं.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य सेक्रेटरीनं बऱ्याचदा ऐकलं होतं. तो निमूटपणे जाग्यावर जाऊन उभा राहिला. बायकोनं एकेकाचे गुडघे, कोपर, पाठ ठीक केली. दोर कुठला पाय पुढे घेऊन धरायचा ते दाखवलं. तिनं ‘हं!’ म्हटलं आणि आठ माणसं एकदम मागे रेलली. काटा एकशेनव्वदवर गेला. मेव्हणा आनंदानं ओरडला आणि त्या नादात त्यानं दोर सोडला, त्यामुळे सगळे पडले; पण पडले तेही एकदम.

तीन आठवड्यांनी अधिकारी नियमाप्रमाणे फेरतपासणीला आला. त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. झाडाभोवती एक चक्कर मारली, बुंध्याला हात लावून पाहिला आणि खेदानं मान हलवली. नवं पत्र त्यानं तिथंच लिहिलं : ‘एकत्रित ओढ २१४ किलो. झाडास धोका संभवतो. सबब परवानगी रद्द.’

सरकारी नकाराचं असं स्वागत त्या खात्यानं कधी पाहिलं नसेल. जुळ्यांनी एकमेकींना मिठी मारली. पैलवान रडला. बालवाडीच्या बाईंनी त्या पत्राला प्लॅस्टिकचं आवरण घालून घेतलं आणि वर्गात पोरांच्या चित्रांशेजारी लावलं. अधिकारी जाताना सेक्रेटरीला हळूच म्हणाला, “माझं म्हणाल तर मला वाईट वाटतंय.” “मला नाही,” सेक्रेटरी म्हणाला आणि त्यानं त्याचा हात इतक्या जोरानं हलवला की तोही मोजला असता तर मर्यादेबाहेर गेला असता.

आता झाड गेलं. सरावाला जागा हवी. पैलवानानं आपल्या मॅनेजरला गळ घालून गोदामातली मागची भिंत मिळवली. तिच्यात एक लोखंडी कडी होती. आणि त्या कडीपासून चार पावलांवर, जमिनीत बसवलेला, माल तोलायचा मोठा काटा होता. घात तिथं झाला.

मिश्र संघाचं एकूण वजन पाचशेऐंशी किलोंच्या आत लागतं, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. पण आजवर आठांपैकी एखादा हमखास गैरहजर असायचा, आणि सात जणांचं वजन कधी मर्यादेच्या आसपासही गेलं नव्हतं. आठही जण येणार असं पहिल्यांदाच ठरलं होतं. सेक्रेटरीनं वजनाची गोष्ट काढली मात्र, चारही बायकांचे चेहरे दगडी झाले.

“आम्ही आकडा सांगणार नाही,” एक जुळी म्हणाली. हे ती आपल्या बहिणीकडे बघून म्हणाली.

“कुणीच सांगू नका,” पैलवान म्हणाला. “सगळे एकदम चढा. एकच आकडा येईल. कुणाचा किती ते देवालाही कळणार नाही.”

कल्पना उत्तम होती. काट्याची पाटी मात्र खोक्यांच्या मापाची होती. आठ सभ्य माणसं तिच्यावर एकमेकांना धरून उभी राहिली. चष्मेवाल्याचं नाक मेव्हण्याच्या काखेत, बालवाडीच्या बाई एका पायावर, सेक्रेटरी मधोमध. शेजारून माल नेणाऱ्या दोन कामगारांनी हातगाडी थांबवली आणि आदरानं बघत राहिले. आकडा आला : सहाशे एक.

सगळे उतरले. कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. एकवीस किलो जास्त! पण ते कुणाचे? पुढचे दोन दिवस संघात जे वातावरण होतं त्याला शीतयुद्ध म्हणतात. जुळ्या आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींशी अबोला धरून बसल्या. मेव्हण्यानं फोन करून सांगितलं, “दाजी, माझं नाव घेऊ नका, पण पैलवान दिसतो तसा नाहीये. त्याची हाडं जड असावीत.” सेक्रेटरीनं सर्वांना एक परिपत्रक पाठवलं. त्यात ‘काही सदस्यांनी आत्मपरीक्षण करावं’ असं वाक्य होतं आणि ते लिहून झाल्यावर त्यानं समाधानानं दोन बिस्किटं खाल्ली.

बायकोनं ते परिपत्रक वाचलं. मग न्हाणीघरातून वजनाचा काटा आणून त्याच्या पायाशी ठेवला. “चढा.”

तो चढला. चौऱ्याण्णव.

“यंत्र जुनं आहे,” तो म्हणाला.

“आठ माणसांत पाचशेऐंशी म्हणजे प्रत्येकी साडेबाहत्तर,” बायको शांतपणे म्हणाली. “तुमचे काढून सहाशे एकातून उरतात पाचशे सात. ते सातांत वाटा.”

सेक्रेटरीनं मनात वाटले. बाहत्तर आणि वर थोडं. बाकीचे सातजण सरासरीनं अगदी मापात होते. एकवीस किलोंचं ते सगळं गाठोडं एकट्या सेक्रेटरीच्या अंगावर होतं. तो काट्यावरून उतरला नाही. उतरून जायचं कुठं हा प्रश्न होता.

“खुंटा जड असावाच लागतो,” तो क्षीण आवाजात म्हणाला.

“असावा. पण आपल्या बाकीच्या गुरांना उपाशी ठेवून नाही.”

त्यानं त्याच संध्याकाळी दुसरं परिपत्रक पाठवलं. ‘आत्मपरीक्षण पूर्ण झालं आहे. दोष माझा आहे.’ एवढंच. तेवढं लिहायला त्याला दीड तास लागला.

लढतीला पाच आठवडे होते. त्यानं साखर सोडली, रात्रीचा भात सोडला, लॅबला चालत जायला लागला. लॅबमधल्या पोरी म्हणाल्या, “चेहरा उतरलाय, घरी सगळं बरंय ना?” आजोबांनी जिन्यात सल्ला दिला की गरम पाणी प्यावं, दुसऱ्या दिवशी सांगितलं की पाणी अजिबात पिऊ नये, पाण्यालाही वजन असतं. पाच आठवड्यांत त्याचे नऊ किलो उतरले. त्यापुढे शरीरानं हात वर केले.

नऊच. म्हणजे बारा किलो अजून जास्त. लढतीच्या आदल्या दिवशी तो बायकोला म्हणाला, “उद्या मी येत नाही. सात जणच ओढा.”

“काही नको. तुमच्या मेव्हण्यानं महिनाभर डबा आणलेला नाही, बघितलंत का? कोरडी भाकरी खातोय बसमध्ये बसून. पैलवानाचा पट्टा आणखी आत गेलाय. बालवाडीच्या बाई मुलांच्या वाढदिवसाचा केक घेत नाहीत. जुळ्या अबोला सोडून रोज पाच मैल चालतात. मीही दोन कमी केलेत. सगळ्यांनी मिळून बाराच्या आसपास जमवलेत. तुम्हाला सांगायचं नव्हतं.”

सेक्रेटरी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ बाहेर पार्क केलेल्या गाड्या मोजत राहिला.

लढतीच्या मैदानावर महासंघाचा पंच काटा घेऊन बसला होता. आठ जणांची बेरीज झाली : पाचशेऐंशी किलो, चारशे ग्रॅम.

“अर्धा तास आहे,” पंच म्हणाला. “जे काढाल ते लढतीतही अंगावर चालणार नाही.”

मग जे घडलं ते भद्र लोकांत सांगण्यासारखं नाही, पण झालं. बायकांनी बांगड्या, कानातलं, पिना काढल्या. पुरुषांनी पट्टे, घड्याळं, मोजे. चष्मेवाल्यानं चष्मा काढला आणि त्याच क्षणी एका खांबाला ‘सॉरी’ म्हटलं. मेव्हणा दोनदा आडोशाला जाऊन आला. पुन्हा बेरीज. वीस ग्रॅम जास्त. सगळे हताश होऊन एकमेकांकडे बघायला लागले, आणि मग सेक्रेटरीनं पाठ वळवून तोंडात बोटं घातली. स्वतःसाठी स्वतःच्या हातानं केलेली चार दातांची पट्टी त्यानं बाहेर काढली आणि रुमालात गुंडाळली. ही पट्टी आहे हे बायकोशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हतं. काटा पाचशेऐंशीवर स्थिर झाला.

“फाब्बाफ!” सेक्रेटरी म्हणाला.

टपालखात्याचा संघ समोर उभा होता. पार्सलं उचलून उचलून त्यांचे दंड पाववाल्याच्या पिठासारखे फुगलेले. सेक्रेटरी शेवटी जाऊन खुंट्याच्या जागेवर उभा राहिला. पंचानं इशारा केला, दोर ताणला गेला, आणि बारा सेकंदं तो जागचा हलला नाही. बारा सेकंदं! आजवरच्या विक्रमापेक्षा एक जास्त. तेराव्या सेकंदाला सेक्रेटरीची टाच घसरली. तो बसला, त्याच्यापुढचा बसला, आणि माळेतले मणी सुटावेत तसे सगळे पोस्टमनांकडे निघून गेले.

पहिली ओढ गेली. दोन मिनिटांची विश्रांती होती. सेक्रेटरी गवतावर बसूनच होता. तेवढ्यात बायको समोर येऊन उभी राहिली.

“उठा. तुम्ही सगळ्यांत पुढे जा. मागं मी थांबते.”

“अगं, खुंटा वफनदार...”

“टाच घसरणारा खुंटा काय कामाचा? हलवून बघितला, नाही बळकट. जा पुढे.” हे ती सगळ्यांसमोर म्हणाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. बालवाडीच्या बाई मध्ये पडतील, काहीतरी गोड बोलतील, म्हणून सेक्रेटरीनं त्यांच्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “वेळ जातोय, सेक्रेटरी!”

तो पुढे गेला. समोर हातभर अंतरावर टपालखात्याची कप्तान, दरवाज्याएवढी बाई. मागून बायकोचा आवाज आला, “हं!” आणि आठ माणसं रेलली.

या ओढीविषयी पुढे क्लबात जे सांगितलं जातं त्यात ती दहा मिनिटं चालली असं म्हणतात. पंचाच्या घड्याळात ती दोन मिनिटं चाळीस सेकंद होती. दोर इकडे वितभर, तिकडे वितभर. चष्मेवाल्याला काही दिसत नव्हतं म्हणून तो घाबरतही नव्हता. बालवाडीच्या बाई मुलांना कधी सांगता येणार नाहीत असे शब्द पोस्टमनांना मराठीत ऐकवत होत्या. सेक्रेटरीच्या तळहातांची सालं निघाली. मागून ठरावीक वेळानं, लाँड्रीच्या यंत्रासारखा, तो ‘हं!’ येत होता आणि प्रत्येक ‘हं’ला बोटभर जमीन मिळत होती. शेवटी कप्तानबाईच्या डोळ्यांत सेक्रेटरीला काहीतरी हललेलं दिसलं. ती दमली होती. दुसऱ्या क्षणी सगळा दोर त्याच्या अंगावर आला आणि तो उताणा पडला, आणि त्याच्यावर आभाळ, आणि आभाळात पंचाचं त्यांच्या बाजूला उंचावलेलं निशाण.

एक गुण.

परतीच्या बसमध्ये पहिली पाच मिनिटं नुसता जल्लोष होता. सहाव्या मिनिटाला पैलवान म्हणाला, “पहिलीही आपली होती. बारा सेकंद धरली होती आपण. कोण घसरलं म्हणून गेली?”

सगळ्यांनी सेक्रेटरीच्या टाचेकडे पाहिलं.

“पुढच्या हंगामात दोन गुण पाहिजेत,” चष्मा परत मिळालेला चष्मेवाला म्हणाला.

“दोन कशाला, चार,” जुळ्या एकदम म्हणाल्या.

बालवाडीच्या बाईंनी सीटवरून मागे वळून सेक्रेटरीकडे पाहिलं. “राग मानू नका हं. तुमचे जे पंच्याऐंशी किलो आहेत ना, तेवढ्यात जोर दुसरं कुणी जास्त लावेल. तुम्ही बाहेर उभं राहून आम्हाला शिस्त लावा. मी मताला टाकते.”

सेक्रेटरीनं वळून बायकोकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचा हात सगळ्यांच्या आधी वर गेलेला होता. मग जुळ्यांचे दोन, पैलवानाचा, चष्मेवाल्याचा, बाईंचा. मेव्हण्यानं स्टिअरिंगवरचा एक हात वर केला आणि आरशातून म्हणाला, “दाजी, नियमानं तुमचंही मत लागतं.”

क्लब त्यानं काढला होता. फॉर्म त्यानं भरले होते. दात त्यानं काढले होते. सेक्रेटरीनं सोललेला हात वर केला.

“मग माझ्या जागी कोण?” त्यानं विचारलं.

सात जण एकदम बोलायला लागले. पैलवानाच्या गोदामात एक होता. तो नको, आळशी आहे, त्यापेक्षा लाँड्रीतली ती उंच बाई. ती आली तर मी तिच्यामागं उभी राहणार नाही. मग तू पुढे हो. पुढे का, तुझा गुडघा नीट नाही म्हणून? चष्मेवाला उभा राहून ओरडत होता. डब्यांच्या पिशवीची गाठ अजून कुणी सोडली नव्हती.

बायकोनं पर्समधून मलम काढलं, सेक्रेटरीचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्याच्या डोक्यावरून जुळ्यांशी भांडता भांडता एकेका बोटाला ते हलक्या हातानं लावायला लागली.